आधी उभं राहायला शिका, मग वेग

बाईकच्या ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी वेग विसरा. मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालण्याच्या गतीने इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. कंटाळवाणं वाटेल, पण खरी मेहनत इथेच आहे. गुडघे किंचित वाकलेले, हँडलवरची पकड सैल. हातांवर भार आला की खडीत पुढचं चाक भरकटतं. वळताना बाईक आत झुकवा, शरीर बाहेर ठेवा. वेग अर्धवट क्लच आणि मागच्या ब्रेकने सांभाळा. नजर दगडावर नको, जिथे जायचंय तिथे.

आणि हो, पडलेली बाईक उचलायची रीत प्रशिक्षकाकडून लगेच शिकून घ्या. २०० किलोचं धूड पाठीने नाही, पायांच्या जोराने उचलतात. उतारावर पडली असेल तर आधी गिअरमध्ये टाका, नाहीतर उभी होताच घसरेल.