बीजीपी अप, रूट हजर, तरी पिंग नाही: एमपीएलएस व्हीपीएनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सर्व्हिस प्रोव्हायडरच्या एनओसीत (नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात) नव्याने रुजू झालं की एक तिकीट हमखास वाट्याला येतं. बीजीपी (राउटरांमध्ये रूट वाटणारा प्रोटोकॉल) सेशन अप असतं, व्हीआरएफमध्ये (ग्राहकाच्या वेगळ्या रूटिंग टेबलमध्ये) रूट दिसतो, पण ट्रॅफिक काही जात नाही. कोणत्या पीईतून (प्रोव्हायडरच्या कडेच्या, ग्राहकाला जोडलेल्या राउटरमधून) बाहेर पडायचं एवढंच बीजीपी सांगतो; तिथवर पोचवायचं काम पॅकेटवर चढवलेल्या एमपीएलएस लेबलचं. या दोघांचा सांधा म्हणजे नेक्स्ट हॉप (रूटसोबत येणारा त्या पीईचा पत्ता), आणि बहुतेक भानगडी तिथेच होतात.

समजा, ग्राहकाचं पुण्याचं ऑफिस पीई-१ आणि पीई-२ अशा दोन्हींना जोडलंय आणि नागपूरची शाखा पीई-३ वर आहे. पुण्याच्या सीईने (ग्राहकाच्या राउटरने) १०.२०.०.०/१६ जाहीर केला की पीई-१ त्याच्यापुढे ८ बाइटचा आरडी (रूट डिस्टिंग्विशर) लावतो, आरटी (रूट टार्गेट) जोडतो, एक व्हीपीएन लेबल देतो आणि नेक्स्ट हॉप म्हणून स्वतःचा लूपबॅक (राउटरचा कायमचा आभासी पत्ता) टाकून रूट रिफ्लेक्टरकडे (पीईंमध्ये रूट पुढे वाटणाऱ्या राउटरकडे) पाठवतो. पीई-३ च्या व्हीआरएफमध्ये तोच आरटी इम्पोर्ट असेल तरच तो रूट आत येतो. मधल्या पी राउटरना (ग्राहकाला न जोडलेल्या कोअर राउटरना) या प्रीफिक्सचा पत्ताही नसतो. ते फक्त बाहेरचं, म्हणजे एलडीपीने (लेबल वाटणाऱ्या प्रोटोकॉलने) दिलेलं लेबल बघतात.

आरडी आणि आरटीची गल्लत सगळेच करतात. रूट कुणाला मिळणार हे आरटी ठरवतो. आरडी फक्त प्रीफिक्स वेगळा ठेवतो. पण दोन्ही पीईंवर एकच आरडी ठेवला, तर रिफ्लेक्टरला दोन्ही रूट एकच वाटतात आणि तो त्यांतला बेस्ट तेवढा पुढे पाठवतो. पीई-३ ला दुसरा मार्ग कळतच नाही, मग लोड शेअरिंग कुठून होणार? म्हणून पीई-१ वर ६४५१२:१०१ आणि पीई-२ वर ६४५१२:१०२ असे वेगळे आरडी द्यावेत. मग दोन्ही रूट पोचतात आणि निवड पीई-३ च्या व्हीआरएफमध्ये होते.

निवडीचा सिस्कोवरचा क्रम (वेट, लोकल प्रेफरन्स, स्वतःचा रूट, एएस पाथ, ओरिजिन, मेड, आयबीजीपीआधी ईबीजीपी, मग आयजीपी मेट्रिक) मुलाखतीसाठी पाठ करावाच. प्रत्यक्षात बऱ्याचदा निकाल लोकल प्रेफरन्स (जास्त असेल तो रूट आधी) किंवा आयजीपी मेट्रिकवर (आतल्या रूटिंगनुसार नेक्स्ट हॉपपर्यंतच्या अंतरावर) लागतो. पीई-१ ला प्रायमरी करायचं म्हणून त्याच्यावर लोकल प्रेफरन्स १०० चा २०० केला, की पीई-२ लाही पीई-१ चाच रूट बेस्ट वाटतो आणि तो स्वतःचा रूट जाहीर करणं थांबवतो. वेगळे आरडी देऊनही पीई-३ कडे बॅकअप उरत नाही! पीई-१ पडला की पीई-२ ने आपला रूट पुन्हा जाहीर करेपर्यंत ट्रॅफिक गळतो. पीई-२ वर बेस्ट एक्स्टर्नल (सीईकडून आलेला आपला रूट बेस्ट नसला तरी जाहीर करत राहणं) चालू केलं की हा खोळंबा टळतो.

ग्राहकाने पुणे आणि नागपूर दोन्हीकडे ६५००१ हाच एएस (बीजीपीतला नेटवर्कचा क्रमांक) वापरला, तर नागपूरचा सीई पाथमध्ये स्वतःचा नंबर बघून रूट टाकून देतो. पीई-३ वर एएस-ओव्हरराइड (पाथमधल्या ग्राहकाच्या एएसच्या जागी प्रोव्हायडरचा एएस टाकणं) लावा. दोन लिंक असलेल्या पुण्याच्या साइटवरही तो लावणार असाल, तर एसओओ (रूट कोणत्या साइटचा हे सांगणारी खूण) विसरू नका. नाहीतर पुण्याचा रूट दुसऱ्या पीईतून पुण्यातच परत शिरतो.

आता ते तिकीट. पीई-३ वर व्हीआरएफमधल्या रूटचा नेक्स्ट हॉप आणि व्हीपीएन लेबल टिपून घ्या. मग त्या नेक्स्ट हॉपच्या /३२ साठी एलएसपी (लेबलचा मार्ग) शेवटपर्यंत आहे का, ते एमपीएलएस पिंगने तपासा. लूपबॅकला चुकून /२४ मास्क दिलेला असणं हा जुनाच घोळ आहे. ओएसपीएफ (कोअरमधला आतला रूटिंग प्रोटोकॉल) तो /३२ म्हणून जाहीर करतो, एलडीपी मात्र /२४ चं लेबल वाटतो. दोन्ही जुळत नाहीत, बाहेरचं लेबल एक राउटर आधीच गळून पडतं आणि व्हीपीएन लेबल अशा पी राउटरच्या हाती लागतं, ज्याला ते ओळखूच येत नाही. कोअरमध्ये पीईंचे लूपबॅक समराइज केले तरी एलएसपी असाच तुटतो. जुनोसवर (जुनिपरच्या राउटरांवर) नेक्स्ट हॉप आयनेट.३ या एलएसपींच्या टेबलमध्ये नसेल तर रूट हिडन होतो, त्यामुळे चूक लवकर सापडते. सिस्कोच्या आयओएसवर रूट ठणठणीत दिसत राहतो.

छोटं पिंग जातं पण फाइल कॉपी अडकते, असं असेल तर एमटीयू (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल साइज) बघा. दोन लेबलांचे ८ बाइट धरून १५०० चं पॅकेट १५०८ होतं. डीएफ (पॅकेटचे तुकडे करू नका) बिट लावून १५०० साइजचं पिंग सीईवरून मारा, लगेच कळेल. कोअरचा एमटीयू मात्र नेमका १५०८ ठेवू नका, कारण फास्ट रीरूट (लिंक तुटताच ट्रॅफिक पर्यायी वाटेने वळवणं) चालू झालं की आणखी एक लेबल चढू शकतं.