नवी वर्दी, जुन्या सवयी : लष्करी कपडे आणि साहित्य वापरताना या चुका टाळा

१५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनाच्या संचलनात, दिल्लीच्या करिअप्पा मैदानावर पॅराशूट रेजिमेंटचे कमांडो भारतीय लष्कराचा नवा लढाऊ गणवेश घालून उतरले. निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेल्या या गणवेशाचे कापड ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टरचे आहे, त्यावर बारीक चौकोनी ठिपक्यांची डिजिटल नक्षी आहे, आणि सदरा पँटमध्ये न खोचता बाहेर सोडायचा असतो. २०२५ मध्ये याच नक्षीचा तीन थरांचा कोटही आला. कपडा असा पुरता बदलला. तो धुण्याच्या, घालण्याच्या आणि ट्रंकेत ठेवण्याच्या सवयी मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच राहिल्या. वर्दी लवकर विटते, जॅकेट गळते, बूट चावतात या तक्रारींचा माग काढला, तर त्यांतल्या बऱ्याचशा याच सवयींपाशी येऊन थांबतात. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या घरांत सुट्टीवर आलेल्या जवानाची वर्दी आई किंवा पत्नी धुते, म्हणून हे त्यांनीही वाचावे असे मनापासून वाटते.

खळ, नीळ आणि कडक इस्त्री

वर्दीला खळ घालून धारदार इस्त्री करणे ही आपल्याकडे शिस्तीची खूण मानली जाते, आणि परेडच्या गणवेशापुरती ती योग्यही आहे. लढाऊ गणवेशाचे काम वेगळे आहे. खळीने धाग्यांमधली छिद्रे बुजतात, घाम बाहेर पडत नाही, कापड ताठ होऊन घडीवर लवकर चिरते. शिवाय आधुनिक कॅमोफ्लाजचे रंग पुष्कळदा डोळ्यांबरोबरच रात्री पाहण्याच्या उपकरणांपासूनही लपवतील असे निवडलेले असतात, आणि खळीचा थर व अतिउष्ण इस्त्री या दोन्हींमुळे तो गुण कमी होऊ शकतो. अमेरिकी लष्कराने २००५ च्या सुमारास डिजिटल नक्षीचा गणवेश आणला, तेव्हा त्याला खळ घालण्यास स्पष्ट मनाई केली, ती उगीच नव्हे.

नीळ आणि ‘जास्त पांढरे’ करणारी धुण्याची पावडर यांचाही इथे उपयोग नाही. अशा पावडरीतली चमक आणणारी रसायने अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड परत फेकतात. पांढऱ्या शर्टावर ते छान दिसते, पण झुडपांच्या रंगात मिसळण्यासाठी केलेल्या कापडावर तोच उजेड माणसाला उठून दाखवतो. साधा, चमक न देणारा द्रव साबण, थंड किंवा कोमट पाणी, वर्दी उलटी करून धुणे आणि सावलीत वाळवणे एवढे पुरते. नुकसान झाले आहे का हे पाहायचे असेल, तर कॉलरची घडी आणि कोपरे उजेडात तिरपे धरून बघावेत. तिथे तेलकट चकाकी दिसली, तर पॉलिएस्टरचा धागा इस्त्रीने दबला आहे असे समजावे. ती चकाकी परत जात नाही, म्हणून पुढच्या वेळी इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने आणि कमी तापमानावर करावी.

‘जॅकेट गळते’ असे म्हणण्यापूर्वी

थंडीचे कपडे हे थरांचे काम आहे : अंगाला लागणारा थर घाम शोषून बाहेर ढकलतो, मधला थर हवा धरून ऊब राखतो, बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. यांतला एक थर चुकला की बाकीचे दोन कितीही महाग असले तरी निकामी ठरतात. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे आत सुती बनियन घालणे. सूत घाम पिऊन ओले राहते, आणि चढण संपवून माणूस थांबला की तेच ओले कापड अंगातली उष्णता ओढून घेते. दुसरी चूक म्हणजे निघतानाच सगळे थर चढवणे. चालायला लागण्यापूर्वी थोडी थंडी वाजली पाहिजे, आणि थांबल्याबरोबर, घाम गार होण्याच्या आत, उबदार थर अंगावर आला पाहिजे.

जॅकेट आतून ओले लागले म्हणजे ते गळतेच असे नाही. बाहेरच्या बाहीवर ओंजळभर पाणी टाकावे. पाण्याचे मोती होऊन घरंगळले, तर वरचा जलरोधक लेप शाबूत आहे आणि आतला ओलावा तुमच्याच घामाचा आहे. काखेतल्या चेन उघडणे किंवा एक थर कमी करणे हा त्यावर उपाय. कापड गडद होऊन पाणी पीत असेल, तर लेप मंदावला आहे. बहुतेक वेळा याचे कारण कपडे मऊ करणारे द्रव किंवा आत उरलेला साबण असतो. सौम्य साबणाने धुऊन, दोनदा खळबळून, लेबलावर परवानगी असेल तर वाळवण्याच्या यंत्रात कमी उष्णतेवर वाळवले की पुष्कळ जॅकेटे पुन्हा पूर्ववत होतात. पिसांचे जॅकेट असेल, तर ओले टांगून ठेवू नये. पिसांचे गोळे होतात आणि ऊब धरणारी हवाच नाहीशी होते.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. थंडीत पॉलिएस्टरची बनियन सुतीपेक्षा चांगली, पण आगीत तीच घातक ठरते, कारण ती वितळून कातडीला चिकटते. इराकमध्ये स्फोटांत होरपळलेल्या जवानांच्या जखमा पाहून २००६ मध्ये अमेरिकी मरीन दलाने तळाबाहेर जाताना अशा कृत्रिम धाग्यांच्या खेळाच्या बनियनांवर बंदी घातली. त्यामुळे वाहनातून किंवा रणगाड्यातून जाणाऱ्याने बाजारातली चकचकीत टी-शर्ट आत घालू नये. जे अधिकृतपणे मिळाले आहे तेच घालावे. लोकर वितळत नाही आणि ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब देते, म्हणून अंगालगतच्या थरासाठी ती माझ्या मते आजही उत्तम आहे.

बूट आणि पाय

फॉकलंड बेटांच्या १९८२ च्या युद्धात ब्रिटिश सैनिकांचे आखूड बूट ओल्या दलदलीत पाणी शोषत राहिले आणि अनेकांना ओल्या थंडीने पाय सुजून बधिर होण्याचा विकार जडला. त्यानंतर त्या सैन्यात उंच बूट आले. पायाकडे झालेले दुर्लक्ष तुकडीचा वेग ठरवते, म्हणून या भागात घाई करू नये.

बूट संध्याकाळी घालून पाहावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. आणि मोहिमेत जे मोजे घालणार तेच घालून पाहावेत. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवावा, अंगठा टोकाला टेकला की टाचेमागे एक बोट सहज जावे. मग उतारावर चालून बघावे. बर्फाळ भागात घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबणे ही फार धोक्याची चूक आहे; दोन मोजे म्हणजे दुप्पट ऊब असे वाटते, पण दाबामुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि सियाचेनसारख्या ठिकाणी हिमदंशाला तेवढे कारण पुरते.

बूट कुठे चावतो यावरून दोष कळतो. टाचेला फोड येत असेल, तर टाच आत वरखाली सरकते आहे. घोट्याजवळ नाडीची एक जास्तीची अढी टाकून वरचा भाग घट्ट करावा. अंगठ्याचे नख काळे पडत असेल, तर बूट आखूड आहे किंवा उतारावर नाडी सैल आहे. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येत असतील, तर नाडी त्याच जागी जास्त ओढली आहे. तेवढ्या दोन छिद्रांतून नाडी न ओवता पुढे न्यावी. ओले बूट बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ, वाळवू नयेत. चामडे तडकते आणि तळव्याचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, ते बदलत, वाऱ्यावर वाळवणे हळू होते, पण बूट टिकतात.

कवच, हेल्मेट आणि पिट्ठू

बुलेटप्रूफ जॅकेट बाहेरून धडधाकट दिसते म्हणून ते धड असेलच असे नाही. अमेरिकेत २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिस अधिकाऱ्याच्या झायलॉन धाग्याच्या जॅकेटातून गोळी आत शिरली, कारण तो धागा उष्णता आणि ओलाव्याने आतून कमजोर होत होता. २००५ मध्ये तिथे झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेण्यात आली. आजची जॅकेटे प्रामुख्याने अरामिड आणि पॉलिथिलिनच्या धाग्यांची असतात व ती अधिक भरवशाची आहेत, तरीही पहिल्याला ऊन आणि दुसऱ्याला तीव्र उष्णता सोसत नाही. म्हणून आतली पॅनेल यंत्रात धुऊ नयेत, उन्हात वाळवू नयेत, बंद गाडीत काचेखाली टाकू नयेत. वरचे आवरण काढून तेवढेच धुवावे. जॅकेटात बसवायची सिरॅमिकची कडक प्लेट आपटली असेल, तर बाहेर चीर दिसत नसली तरी ती तपासणीसाठी परत द्यावी. प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खाचेशी यावी. श्वासाला मोकळे वाटावे म्हणून ती पोटापर्यंत खाली सोडली, तर हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्याच उघड्या राहतात.

हेल्मेटवर बसू नये, त्याला घरचा रंग देऊ नये आणि हनुवटीचा पट्टा सैल ठेवू नये.

पिट्ठूचे, म्हणजे पाठीवरच्या सामानाच्या पिशवीचे, वजन खांद्यांवर लटकवले, तर पट्ट्यांखालच्या नसा दबून हात बधिर होतात. आधी कमरेचा पट्टा आवळावा, मग खांद्याचे. जड सामान पाठीला लगटून भरावे.

साठवण, मापे आणि खरेदी

कोकणातल्या आणि घाटावरच्या पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेत दमट वर्दी ठेवली की आठवड्यातच बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते घालवायला ब्लीच वापरले तर नक्षीचा रंगही जातो. पूर्ण वाळल्याखेरीज घडी घालू नये. पिसांचे जॅकेट आणि झोपण्याची पिशवी दाबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

माप चुकले असेल, तर शिंप्याकडे जाण्यापूर्वी युनिटच्या स्टोअरमध्ये बदलून घ्यावे, आणि तेही पहिल्या धुण्याआधी. अंगाला चापून बसवलेली वर्दी आतल्या थरांना जागा देत नाही आणि गुडघ्यावर उसवते. जलरोधक कपड्यात तर सुईचे प्रत्येक छिद्र पाण्याला वाट देते. नव्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत, त्यामुळे बाजारात मिळणारे तसलेच कापड बेकायदा तर आहेच, शिवाय त्याच्या धाग्याची आणि रंगाची कोणतीही हमी नसते. हौसेने घरच्या तरुणांना तशी वर्दी शिवून देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की सैनिक असल्याचे भासवण्याच्या हेतूने ती घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे.

दोष खरोखर कापडाचा किंवा शिवणीचा असेल, तर तो सोसत बसू नये. शिवण कुठे उसवली, किती धुण्यांनंतर, कोणत्या हवामानात, हे लिहून वर्दीच्या लेबलाचा फोटो आणि लॉट क्रमांकासह क्वार्टर मास्टरकडे, म्हणजे युनिटचे साहित्य सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावे. एकाच लॉटच्या चार-पाच तक्रारी एकत्र आल्या, तर पुरवठ्याच्या तपासणीत त्यांना वजन येते.