कुत्र्याला घेऊन धबधब्याला

कुत्र्याला सह्याद्रीतल्या धबधब्याला न्यायचं तर जुलै-ऑगस्ट सोडून द्या. तेव्हा कर्जत, खालापूर, लोणावळ्याकडच्या बऱ्याच धबधब्यांवर मनाई आदेश निघतात, आणि नाही निघाले तरी कुंडातल्या पाण्याची ओढ लॅब्रॅडॉरलाही झेपणारी नसते. सप्टेंबरअखेर बरी. भीमाशंकर, कर्नाळा, तानसा, गोव्यातला दूधसागर ही अभयारण्यातली ठिकाणं मात्र कधीच नकोत, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार जंगली जनावरांना लागतो.

पहिल्या खेपेला जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर पुरे. वर्षाच्या आतलं मोठ्या जातीचं पिल्लू आणि पग-बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री घरीच बरी.

लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस चालू वर्षातली आहे ना, ते आधी पाहा. गोचिडांचं मानेवर सोडायचं औषध आदल्या रात्री लावून उपयोग नाही, पाण्यात धुऊन जातं. किमान दोन दिवस आधी लावा. नखंही तीन-चार दिवस आधीच कापा.

पाणी २५ किलोच्या कुत्र्यासाठी दोन लिटर, फक्त त्याचं. सोबत पसरट वाडगा, जुना टॉवेल, कापूस, बँडेज, चिमटा. छातीचा हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. लांबणारा पट्टा करवंदीच्या जाळीत अडकतो. वाटेत गुरं, वानरं, वाडीतली कुत्री भेटणारच, तेव्हा पट्टा सोडू नका. निघण्याआधी तीन तास पोटभर खाऊ घालू नका. भरल्या पोटी धावलं की मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडायची भीती वाढते, आणि तो जीवघेणा असतो.

सहाला चालायला लागा आणि अकराच्या आत गाडीशी परत या. खरा घात चढावर होतो. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, पण दमट हवेत ती वाफच नीट होत नाही. त्यात ते दमलं तरी तुमच्या मागे येत राहतं. म्हणून दर वीस मिनिटांनी सावलीत थांबवून जीभ पाहा. जीभ लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी दिसली, तर तिथेच पोट, काखा, जांघा पाण्याने भिजवा, वारा घाला आणि उचलून खाली आणा. फक्त ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. उतरताना कातळ तापलेला असेल तर हाताची पाठ सात सेकंद टेकवून बघा. हात टिकला नाही, तर पंजेही भाजणार.

धबधब्याखालच्या कुंडात कुत्रं सोडायचंच नाही. खाली पन्नास-शंभर पावलांवर ओढा पसरट होतो, तिथे गुडघाभर पाण्यात पट्ट्यासकट खेळू द्या. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की सामान राहिलं तरी चालेल, आधी काठ चढा. वर घाटमाथ्यावर पाऊस झालेला असतो, खाली ऊन असलं तरी.

फुरसं किंवा घोणस चावली तर बांधणं, कापणं काही करू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

घरी आल्यावर कान आतून पुसून कोरडे करा. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटं फिरवा. गोचीड मुगाच्या दाण्यासारखी लागते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. हे सलग तीन दिवस करा, बारक्या गोचिडी रक्त पिऊन फुगल्यावरच हाताला लागतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवण टाकणं किंवा गडद लघवी दिसली, तर डॉक्टरांना जंगलात नेल्याचं सांगा आणि गोचीडताप, लेप्टो या दोन्हींसाठी रक्त तपासून घ्या.