१२३४५६७८९८७६५४३२१ : वर्गावर नेण्याआधीची तयारी

नववीच्या मुलांपुढे ही संख्या मांडायची असेल तर आधी चौकटीची वही काढा आणि एका चौकटीत एक अंक लिहून उजवीकडून एकं, दहं, शतं म्हणत जा. कोटी-दशकोटीनंतर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली नावं लागतात: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. सतरावा अंक ‘मध्य’ या स्थानावर येतो. ही नावं आजच्या मुलांच्या कानावर नसतात, ती फळ्याच्या कडेला लिहून ठेवा.

एक्सेलवर विसंबू नका. ते पंधराच अंक धरतं आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं दाखवतं. आपली संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग; तो मुलांना हातानेच करू द्या. प्रत्येक ओळ एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात नऊ वेळा १ येतो, हातचा कुठेच येत नाही आणि संख्या आपोआप उमटते. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेमलो स्थानकाचं नाव दिलं, हे सांगायला विसरू नका.

कसोट्या आधी स्वतः करून पाहा. अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने भाग जातो. मग ८१ ने जाणारच, असं कुणीतरी म्हणेल. त्यासाठी १८९९९९९९९९ जवळ ठेवा: बेरीज ८१ च, पण ८१ ने भाग जात नाही. आपल्या संख्येला जातो तो १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून. ३७ ने भाग जातो का हे पाहायला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज करा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ३७ × ८१.

खरा वेळ राखून ठेवायचा तो ३३३६६७ साठी. १११११११११ = १११ × १००१००१, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे पटवायला ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागावं लागेल. एवढा तास कुणाकडे आहे? पण १००१००१ च्या ३ सोडून कुठल्याही मूळ अवयवाने १० चे घात भागत गेलं, तर बाकी १ पहिल्यांदा नवव्या घाताला येते. फर्माच्या प्रमेयानुसार (अवयव वजा १ इतक्या घातालाही बाकी १ च येते) मग अवयव वजा १ ला ९ ने भाग जातो, आणि अवयव विषम असल्याने १८ नेही. उरतात १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंतच्या फक्त सतरा. त्या चिठ्ठ्यांवर लिहून वाटा. माझ्या मते सगळ्या तासातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

अवयव फळ्यावर आले की ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग; विभाजक ५ × ३ × ३ = ४५. संख्या पूर्ण वर्ग असल्याने विभाजक विषम संख्येत येतात.

शेवटी १२३४५६७९००९८७६५४३२१ कागदावर तयार ठेवा. दहा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग कसा येतो, हे विचारलं जाणारच, आणि तिथे हातचा येतो.