इंजिनची ऑइल गळती: या चुका टाळा

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण जिथे थेंब लोंबतो तिथलीच पॅकिंग बदलायला सांगतात, आणि दुरुस्त केलेली गळती पुन्हा पुन्हा सुरू होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. तेल वरून ओघळते, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते आणि शेवटी सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकते. त्यामुळे डागाच्या जागेवरून गळतीची जागा ठरवू नये. आपल्या मराठवाड्यात त्यात काळ्या मातीच्या धुरळ्याची भर पडते. ओलसर चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर, त्याचा असा जाड थर बसतो की बोल्टची डोकीसुद्धा दिसत नाहीत. तो थर न काढता केलेले निदान हा केवळ अंदाज असतो.

परळीकडची एक डिझेल गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल गळत होते. आधीच्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सील बदलले होते, मालकाने त्याची भरभक्कम मजुरी मोजली होती, आणि तरीही काही दिवसांतच थेंब पुन्हा सुरू झाले होते. मी थंड इंजिन तेलकटपणा काढणाऱ्या डीग्रीजरने धुतले, अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट त्याआधी प्लास्टिकने झाकले, सगळे हवेने कोरडे केले, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि मालकाला एक फेरी मारून यायला सांगितले. पांढऱ्या पावडरीवर काळपट रेघ स्पष्ट उमटली होती. ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून हेडच्या पाठीमागून थेट त्या सांध्यापर्यंत उतरली होती. कव्हरची रबरी पॅकिंग उष्णतेने इतकी कडक झाली होती की बोटाने वाकवताच तिचा तुकडा पडला. मागचे सील बदलण्याआधी वर आरसा आणि टॉर्च धरून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले असते, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागला नसता.

अशा वेळी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, तोही तपासावा. तो तुंबला असेल तर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, दाब साठतो आणि सर्वांत कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. मग नवे सीलही टिकत नाही.

दुसरी चीड आणणारी सवय पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा लेप लावण्याची आहे. ट्यूब स्वस्त असते, काम झटपट उरकते, म्हणून शिकाऊ पोरे चेंबरला बोटभर जाडीचा थर लावतात. बाहेर आलेला फुगवटा दिसतो, पण तितकाच आतही आलेला असतो. त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले की तेलाचा दाब पडतो, बेअरिंग सुकतात आणि किरकोळ गळतीच्या गाडीचे इंजिन जाम होते. जिथे कंपनीने पॅकिंग दिली आहे तिथे पॅकिंगच बसवावी. सिलिकॉन सांगितलेच असेल, तर जुना थर पूर्ण खरवडून, पृष्ठभाग तेलविरहित करून बारीक सलग रेघ ओढावी आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत तेल भरू नये. ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ नाही म्हणतो.

फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण दोन रिंगा एकावर एक आल्या की इंजिन चालू होताच तेलाचा फवारा उडतो. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. लांब दांड्याने आवळून ॲल्युमिनियम चेंबरचे आटे घालवू नयेत. गळती थांबावी म्हणून जाड तेल भरू नये. खाली पडलेले स्वच्छ पाणी सहसा एसीचे असते, त्यासाठी काही उघडू नये.

तेल गरम एक्झॉस्टवर पडून धूर येत असेल, तर मात्र गाडी चालवत गॅरेजपर्यंतही आणू नये, ती ओढून आणावी.