एकत्र बसूनही नवं काही सुचत नाही? या चुका टाळा

दीड तास बैठक चालते, फळा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यातल्या निम्म्या कल्पना एकाच मुद्द्याभोवती घुटमळलेल्या दिसतात. माणसं हुशार असतात, तळमळही असते. बिघडतो तो कामाचा क्रम. प्रत्येकाचा स्वतंत्र विचार होण्याआधीच सगळे बोलायला बसतात.

पाटी कोरी ठेवून बैठकीला येणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने ‘ब्रेनस्टॉर्मिंग’, म्हणजे एकत्र बसून सुचेल ते बोलत कल्पना गोळा करणं, लोकप्रिय केलं. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. एकीकडे एकत्र बसलेले चौघे, दुसरीकडे एकेकटे विचार करणारे चौघे. एकेकट्यांच्या याद्या जोडून, दुबार आलेल्या कल्पना काढून टाकल्या, तरी त्या जवळजवळ दुप्पट भरल्या.

कारण साधं आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली कल्पना निसटू नये म्हणून ती मनात घोळवत बसतात आणि तेवढा वेळ त्यांना दुसरं काही सुचत नाही. पाळी येईपर्यंत ती कल्पनाही शिळी वाटू लागते, मग ती बोललीच जात नाही.

यावर ६-३-५ ही लेखी पद्धत चांगली चालते. सहा जण, प्रत्येकापुढे एक कागद, त्यावर तीन स्तंभ आणि सहा ओळी, म्हणजे १८ चौकोन. वर एकच प्रश्न, सगळ्यांना तोच. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद उजवीकडे सरकवायचा. आलेल्या कागदावरचं आधी वाचायचं, मग खालची ओळ भरायची. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ चौकोन भरतात. चौघेच असाल तर चार ओळी, चार फेऱ्या, ४८ चौकोन. बारा जण असतील तर सहा-सहांचे दोन गट करून दोन्ही गटांना एकच प्रश्न द्या.

ही पद्धत फसते ती ठरावीक ठिकाणी. प्रश्न ढोबळ असतो: ‘बाटली कशी सुधारावी?’ त्याऐवजी ‘बाटलीचं झाकण एका हाताने कसं उघडेल?’ असं विचारा. दुसरं, लोक चौकोनात दोन शब्द टाकून मोकळे होतात. ‘हलकं झाकण’ यावरून पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. ‘झाकणाच्या कडेला अंगठा बसेल एवढी खाच ठेवावी’ असं लिहिलं, की तो खाचेची जागा, खोली, आकार यांवर लगेच विचार करू लागतो. दुसऱ्याच्या कल्पनेवर कल्पना चढते ती अशीच. चौथ्या फेरीपासून वाचायलाच वेळ लागतो, तेव्हा पाचाऐवजी सात मिनिटं द्या. कागद फिरत असताना कुणीही बोलायचं नाही, ‘हे तर मीच म्हणणार होतो’ एवढंसुद्धा नाही.

वरिष्ठांनी आधी मत देणं

प्रमुखाने मत मांडलं की चर्चा त्याच दिशेने वाहू लागते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत, सगळा गट चुकीचं उत्तर देतोय म्हटल्यावर धडधडीत दिसणाऱ्या रेषेच्या लांबीबद्दलही लोकांनी आपलं उत्तर बदललं. पण गटातल्या आणखी एकानेच बरोबर उत्तर दिलं, की हे मान डोलावणं खूपच कमी झालं. म्हणून आधी प्रत्येकाने आपली निवड कागदावर लिहायची, मग कागद एकदम उघडायचे. प्रमुखाने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं.

विचार करणारे एकीकडे, हात चालवणारे दुसरीकडे

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर (विजेचे संकेत वाढवणारा छोटा भाग) झाला तो दोन वेगळ्या घडणीच्या माणसांमुळे. जॉन बार्डीन सिद्धान्तातले, वॉल्टर ब्रॅटन प्रयोगातले. ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख गुंडाळला, टोकाशी ब्लेडने बारीक चीर दिली आणि स्प्रिंगने तो जर्मेनियम या अर्धवाहक पदार्थावर दाबून धरला. चिरेच्या दोन कडा म्हणजे अगदी जवळजवळ असलेले दोन संपर्कबिंदू. ते इतके जवळ का हवेत हे सिद्धान्त सांगत होता, ते तसे कसे आणायचे हे हातांना ठाऊक होतं. तुमच्या गटात यातला एकच प्रकार असेल, तर आणखी चार तशीच माणसं घेऊन काही साधणार नाही. नमुना बनवणाऱ्याला पहिल्या बैठकीपासून बसवा, आराखडा ‘पक्का’ झाल्यावर नव्हे.

श्रेयाचं नंतर बघू म्हणणं

याच शोधाची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. त्या उपकरणाच्या पेटंटवर गटप्रमुख विल्यम शॉकली यांचं नाव नव्हतं. त्यांनी पुढची रचना एकट्यानेच, सहकाऱ्यांपासून लपवून आखली. संबंध बिघडत गेले आणि १९५१ मध्ये बार्डीन यांनी प्रयोगशाळा सोडली. जगातली एक विलक्षण जोडी अशी फुटली.

पानांना क्रमांक असलेली वही ठेवा. कुणी सुचवलं, कुणी करून पाहिलं, कुणी दोष काढला हे त्याच दिवशी तारखेसह लिहा आणि सह्या घ्या. नुसतं सांगितलेलं काम पार पाडणारा पेटंटसाठी सहसा शोधकर्ता धरला जात नाही, हे सगळ्यांना आधीच सांगा. पेटंटच्या अर्जाआधी कल्पना बाहेर जाहीर केलीत, तर बऱ्याच देशांत ती नवी मानली जात नाही.

फसलेला नमुना कपाटात टाकणं

स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये थ्री-एम कंपनीत चिकटूनही सहज निघणारा गोंद मिळाला. त्याचं करायचं काय, हे कळत नव्हतं. ते सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. आर्ट फ्राय यांनी ते ऐकलं होतं. १९७४ मध्ये प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडू लागल्या, तेव्हा त्यांना तो गोंद आठवला. तसा गोंद लावलेल्या ‘पोस्ट-इट’ चिठ्ठ्या १९८० मध्ये बाजारात आल्या.

म्हणून प्रत्येक फसलेल्या नमुन्यामागे अर्धं पान लिहा: हा काय करतो, काय करत नाही, कुठे ठेवलाय. आणि महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, तो वेगळंच काम करणाऱ्या लोकांच्या हातात द्या.