गाय अडली तर दोर लावण्याआधी: या चुका टाळा

सातारा-सांगलीच्या गोठ्यांत आता होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित गाई जास्त दिसतात. माणदेशातली खिलार गाय सहसा रात्रीतून आपली आपण विऊन मोकळी होते. संकरित गाईचं, त्यातही पहिलारू कालवडीचं तसं नसतं. वासराचं डोकं आणि खांदे मोठे, आणि कालवडीच्या कमरेच्या हाडांमधली वाट अरुंद. गाय अडली की गोठ्यात माणसं जमतात, कुणीतरी कासरा आणतो आणि ओढायला सुरुवात होते. वासरू आत नेमकं कुठं अडकलंय हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

घड्याळ न बघणं

गाय साधारण २८० दिवसांनी विते, पाच-सात दिवस इकडेतिकडे. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले, कास भरली, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सैल होऊन लोंबली की वेळ जवळ आली. त्यानंतर गर्भाशयाचं तोंड उघडायला लागतं. गाय ऊठबस करते, शेपूट वर धरते, पोटाकडे वळून बघते. जुन्या गाईला यात २ ते ६ तास लागतात, कालवडीला १२ तासांपर्यंतही लागू शकतात. या काळात गाईला एकटं सोडावं आणि लांबून लक्ष ठेवावं. सारखा हात घालून वाट ‘मोकळी’ करायला गेलं तर अर्धवट उघडलेलं तोंड फाटतं, आणि भोवती गर्दी जमली तर घाबरून गाय कळा थांबवते.

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) बाहेर दिसली की ती वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा. तिथून जुन्या गाईनं तासाभरात, कालवडीनं दीड-दोन तासांत वासरू पुढं सरकवलेलं दिसलं पाहिजे. पाय दिसल्यावर अर्धा तास जोरात कळा देऊनही काही पुढं येत नसेल, तर वाट बघणं संपलं. हात धुऊन तपासायची वेळ झाली. पाणमोट हातानं फोडू नका. तिच्या दाबानं वाट रुंदावते आणि आतलं पाणी वासराला सरकायला मदत करतं.

डॉक्टरांना फोनही याच वेळी करायचा. जतच्या वस्त्यांवर किंवा पाटण, जावळीच्या खोऱ्यात डॉक्टर पोचायलाच वेळ जातो. आधी तीन तास ओढून बघू आणि मग बोलावू, असं केलं तर डॉक्टरांच्या हाती कोरडी, सुजलेली वाट आणि मेलेलं वासरू येतं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हात न घालता ओढणं

तपासण्यासाठी फार काही लागत नाही. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिक हातमोजा, दोन बादल्या कोमट पाणी, अंगाचा साबण आणि दवाखान्यातून आणलेलं जंतुनाशक पोव्हिडोन आयोडीन. मोजा टाळू नका. गाईला ब्रुसेलोसिस असेल तर गर्भजलातून आणि वारेतून तो माणसाला होतो, आणि महिनोन्महिने ताप-सांधेदुखी मागं लागते. निरण आणि आजूबाजूची जागा साबणानं दोनदा धुवा, शेपूट बाजूला बांधा. मोज्यावर लिक्विड पॅराफिन किंवा स्वच्छ गोडेतेल भरपूर लावा. कपडे धुण्याची पावडर, रॉकेल किंवा इंजिन ऑइल कधीही नको. त्यानं आतली नाजूक त्वचा भाजते आणि वाट आणखी कोरडी पडते.

कळ ओसरली की बोटं शंकूसारखी जुळवून हात हळूच आत सरकवा. वासराचे दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक हाताला लागलं, तर वासरू सरळ आहे. खुरांचे तळवे खाली असतील तर ते बहुधा पुढचे पाय. तळवे वर असतील तर एकतर मागचे पाय आहेत किंवा वासरू उताणं आहे. खात्री सांध्यांवरून करायची. खुराच्या वरचा पहिला सांधा आणि त्याच्या वरचा दुसरा सांधा एकाच दिशेला वाकत असेल तर पाय पुढचा. दोन्ही उलट दिशांना वाकत असतील आणि दुसऱ्या सांध्याला मागं टोकदार हाड लागत असेल तर पाय मागचा. दोन पाय हाताला लागले म्हणून ते एकाच वासराचे असतील असं धरू नका. प्रत्येक पायावरून हात सरकवत खांद्यापर्यंत जा. जुळं असेल तर एकेका वासराचा एकेक पाय पुढं आलेला असतो, आणि दोन्हींना एकत्र दोर लावला तर दोन्ही वासरं एकमेकांत अडकतात.

नेहमी सापडणारे अडथळे असे:

दोन पाय बाहेर, पण नाक लागत नाही. वासराची मान बाजूला वळलेली असते. इथं पाय ओढले की मान आणखी दुमडते. पायांना दोर अडकवून तो सैल सोडायचा, कळ थांबल्यावर वासराला छातीकडून आत ढकलायचं, मग नाक तळहातात झाकून डोकं सरळ करून आणायचं. दात गर्भाशयाला घासू नयेत म्हणून तोंड हातानं झाकलेलंच ठेवायचं.

नाक आणि एकच पाय. दुसरा पाय गुडघ्यात किंवा खांद्यात दुमडलेला असतो. आधी वासरू मागं ढकलायचं, मग खूर ओंजळीत झाकून वर आणि पुढं आणायचं. खूर उघडं ठेवून ओढलं तर ते गर्भाशय फाडून जातं.

दोन्ही पाय एकमेकांवर फुलीसारखे आलेले. खांदे हाडाच्या वाटेत बसत नसल्याची ही खूण आहे. वासराचं कपाळ आणि वरचं हाड यांच्यात बोटंही सरकत नसतील तर ओढण्याचा विचार सोडा, हे काम सिझेरियनचं.

वासरू आत ढकलणं हे ऐकायला सोपं, पण गाय बसलेली असली आणि कळा जोरात चालू असल्या की हात गळून जातो. गाय उभी असेल तर आत जागा जास्त मिळते. वीस मिनिटं प्रयत्न करूनही स्थिती सुधारली नाही तर थांबा. डॉक्टर शेपटीच्या मुळाशी भूल देऊन कळा थांबवतात आणि मग तेच काम खूप कमी ताकदीत होतं.

वासरू जिवंत आहे का हे आधीच बघा: खुरांच्या बेचक्यात चिमटा घेतल्यावर पाय मागं घेतं का, तोंडात बोट घातलं तर चोखतं का. मेलेल्या वासरासाठी गाईला फाडून ओढण्यात अर्थ नाही; डॉक्टर ते आतच तुकडे करूनही काढू शकतात.

काहीच दिसत नाही म्हणून निवांत राहणं

सर्वात जास्त उशीर इथंच होतो. गाय सकाळपासून बेचैन, पण पाणमोट नाही, जोराच्या कळा नाहीत. लोक म्हणतात, अजून वेळ आहे. यामागं सहसा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, वासरू पार्श्वभागानं येतंय आणि मागचे दोन्ही पाय पोटाखाली आहेत. हाताला फक्त शेपूट लागतं. वाटेत काहीच नीट बसत नाही, म्हणून गाय जोर लावत नाही. दुसरं, गर्भाशयाला पीळ पडलाय. आत हात घातला की पिळलेल्या धोतरासारख्या वळ्या लागतात आणि हात पुढं जात नाही. म्हशीत हे जास्त, गाईतही होतं. गाईला पिळाच्या दिशेनं लोळवून पीळ सोडवावा लागतो. दिशा चुकली तर पीळ घट्ट होतो, म्हणून हे घरी करू नये.

तिसरं कारण कॅल्शियमची कमतरता. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, जास्त दुधाच्या गाईत हे दिसतं. कान थंड, नाकपुडी कोरडी, पाय लटपटतात, नंतर गाय मान कुशीकडे वळवून बसते. गर्भाशयात कळ काढायला ताकदच राहत नाही. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अशी गाय बऱ्याचदा स्वतःच विते. पण ते डॉक्टरांनीच, हळूहळू आणि हृदयाचे ठोके ऐकत द्यायचं. भराभर सोडलं तर हृदय बंद पडतं.

गळीत हंगामात हा धोका लक्षात ठेवायला हवा. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. गाभण गाईला महिनोन्महिने फक्त वाढ्यांवर ठेवू नका; कडबा, हिरवी मका आणि खनिज मिश्रण सोबत हवं. उलटी चूकही होते: व्यायच्या आधी महिनाभर कॅल्शियमच्या बाटल्या ओतायच्या. त्यानं हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि ऐन वेळी कमी पडतं.

कळांचं इंजेक्शन

वासरू आडवं किंवा मान वळलेलं असताना कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन दिलं की गर्भाशय बंद वाटेवर आपटत राहतं आणि फाटतं. तपासल्याशिवाय ते कुणाकडूनही घेऊ नका. अडलेल्या गाईला बाटलीनं तेल, काढा, दारू पाजणंही तितकंच वाईट. धापा टाकणाऱ्या गाईच्या फुफ्फुसात ते जातं.

ओढायचं तर कसं

वासरू सरळ आहे, वाट उघडलीय, डोकं बसतंय, हे कळलं तरच. दोर सुती किंवा नायलॉनचा, बोटाएवढा जाड, उकळून घेतलेला. पहिला फास खुराच्या वरच्या सांध्याच्या चार बोटं वर, दुसरा अर्धा वेढा त्या सांध्याच्या खाली. एकाच फासात सगळा जोर आला तर पाय मोडतो. गाय शक्यतो उजव्या कुशीवर झोपवा म्हणजे भरलेलं पोट वर राहतं.

जास्तीत जास्त दोन माणसं, आणि फक्त कळेबरोबर. कळ थांबली की तुम्हीही थांबा. दोन्ही पाय एकदम न ओढता आळीपाळीनं थोडे थोडे ओढा, म्हणजे एकेक खांदा बाहेर पडतो. डोकं येईपर्यंत सरळ मागं, छाती आली की खाली, गाईच्या मागच्या पायांच्या दिशेनं. ट्रॅक्टर, जीप, चेनपुली हे शब्दही गोठ्यात नकोत. त्यांच्या जोरानं वासराच्या बरगड्या तुटतात, गाईच्या मांडीच्या नसा दबतात आणि ती उठतच नाही. वासरू कमरेत अडकलं तर नुसता जोर वाढवू नका. धड थोडं फिरवा, म्हणजे कंबर वाटेच्या रुंद बाजूला येते.

मागच्या पायानं येणारं वासरू वेगळं. त्याची कंबर वाटेत आली की नाळ दाबली जाते आणि डोकं अजून आत पाण्यात असतं. म्हणून आधी सगळी तयारी करा, तेल भरपूर सोडा, आणि एकदा कंबर सुटली की दोन-तीन मिनिटांत पूर्ण बाहेर काढा.

बाहेर आल्यावर

नाक-तोंडातला चिकटा बोटांनी काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, गोणपाटानं अंग जोरात चोळा, वासराला छातीवर बसवा. मागच्या पायांना धरून मिनिटभर उलटं टांगू नका. येणारं पाणी बहुतेक पोटातलं असतं आणि आतडी फुफ्फुसावर दबतात. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत वासराच्या जिवावर येते. तासाभरात पहिला चीक पाजा; ३० किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत ३ लिटरच्या आसपास जायला हवा. वासरू चोखायला लागलं की वार पडायलाही मदत होते. वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधू नका, ओढू नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना दाखवा, पडली की खोल पुरा.

गाईत पुन्हा एकदा हात घालून दुसरं वासरू किंवा जखम आहे का बघा. अंग (गर्भाशय) बाहेर आलं तर ते स्वच्छ ओल्या चादरीत धरा, मागचा भाग उंच ठेवा आणि आत ढकलायचं काम डॉक्टरांवर सोडा. गाय बसून राहिली तर शहाबादी फरशीवरून हलवून मातीवर, जाड पाचटावर घ्या, दर तीन-चार तासांनी कूस बदला, आणि मागचे पाय फाकू नयेत म्हणून दोन्हींमध्ये हातभर अंतर ठेवून मऊ दोरानं बांधा.

पुढच्या वेळेची तयारी रेतनापासून सुरू होते. संकरित कालवड २५० किलोच्या खाली असेल तर भरवू (रेतन करू) नका. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर टेपनं मोजून अंदाज काढता येतो. रेतन करणाऱ्याला कालवडीसाठी सहज विण्याबद्दल निवडलेल्या वळूची कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) मागा. लहान चणीच्या गावठी कालवडीला मोठ्या होल्स्टिनची कांडी लावू नका. आणि जी गाय अडून व्याली, तिचं गर्भाशय तपासल्याशिवाय तिला पुन्हा भरवू नका; दोन महिन्यांनी येणारा माज स्वच्छ आहे का हे सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) बघूनच ठरवा.